उडत्या तबकडीचा सराव: आधी घरात, मग रेंजवर

पिकाच्या राखणीसाठी घेतलेली बाराबोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, साताऱ्याकडे काही घरांत असते. ती घेऊन माळावर यंत्रानं हवेत फेकलेल्या तबकड्या उडवायला मात्र जाऊ नका. परवाना ज्या कारणासाठी मिळाला त्यालाच तो लागू असतो, आणि बारीक छरेही दोनशे मीटरपलीकडे जाऊ शकतात. परवानाधारक रायफल क्लबचं सभासदत्व घ्या, प्रशिक्षक गाठा. तोवर घरी करण्यासारखं बरंच आहे.

पहिलं काम डोळ्याचं. दोन्ही हात समोर ताठ धरा, पंजांमध्ये बारीक फट ठेवा आणि तीतून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला टॉवर दिसत राहतो, तो तुमचा मुख्य डोळा. तो डावा आणि बंदूक उजव्या खांद्याला, असं असेल तर प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा. तो खांदा बदलायला लावेल, नाहीतर चष्म्याच्या काचेवर टेपचा तुकडा चिकटवून देईल.

दुसरं काम बंदूक उचलण्याचं, आणि खरी मेहनत इथंच आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे बोट घालून तपासा. खोलीत कुणी नको. नळीच्या तोंडात कागद गुंडाळून पेन्सिल टॉर्च बसवा, दिवा मालवा. भिंत आणि छत मिळतात त्या रेघेवरून उजेडाचा ठिपका एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्या आणि तो सरकत असतानाच दस्ता, म्हणजे बंदुकीचा मागचा भाग, गालाला, मग खांद्याला लावा. मान वाकवून दस्ता शोधायचा नाही, दस्त्यानं गालाकडे यायचं. ठिपका उसळला तर मागचा, चापाकडचा हात घाई करतोय. रोज दहा मिनिटं पुरे. हात भरून आल्यावर केलेला सराव वाईट सवयच लावतो.

रेंजवर कानात प्लग, डोळ्यांवर चष्मा, आणि पाळी येईपर्यंत बंदूक मोडलेली. स्कीट या प्रकारात तबकड्या दोन बाजूंच्या दोन घरांतून सुटतात, एका उंच आणि एका बुटक्या; त्याच्या सातव्या ठाण्यावरून (उभं राहायच्या जागेवरून) लो हाऊसची, म्हणजे बुटक्या घरातली तबकडी मागा. ती जवळजवळ सरळ पुढं जाते, नवख्याला सर्वांत सोपी.

आडव्या तबकडीचा हिशेब वेगळा. 20 मीटर जायला छऱ्यांना सेकंदाचा विसावा भाग लागतो. ताशी 90 किलोमीटरनं निघालेली तबकडी तेवढ्यात सव्वा मीटर पुढं सरकते. म्हणून नळी मागून आणा, तबकडीला ओलांडा, चाप ओढा आणि झोका चालूच ठेवा. चाप ओढताना नळी थांबते, तिथंच बहुतेक गोळ्या मागं पडतात. नजर तबकडीवर, नळीच्या टोकावरच्या नेमाच्या मण्यावर नाही.

110 मिलिमीटरची ती तबकडी कशी फुटते तेही बघा. पुढचा तुकडा उडाला तर तुम्ही थोडे पुढं होता, मागचा उडाला तर मागं. धूर झाला तर बरोबर मध्यात. सुरुवातीला 25 तबकड्यांची एकच फेरी मारा. खांदा दुखायला लागला की चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतात, आणि ती खोड जायला फार वेळ लागतो.