दोन शहरांतल्या भेटी : विद्यार्थ्यांनी शनिवार-रविवारचा प्रवास स्वस्तात कसा आखावा

जोडीदार दोघेही शिकत असतील आणि दोन वेगवेगळ्या शहरांत राहत असतील, तर फी, खोली आणि जेवण यांच्यानंतर सर्वाधिक पैसे बहुधा प्रवासावरच जातात. हा खर्च कमी करायचा म्हटले की बहुतेक जण सवलतीचे कूपन आणि ऑफर शोधू लागतात. त्यातून थोडेफार पैसे वाचतातही. पण मोठी बचत होते ती दोनच गोष्टींमुळे. भेटीच्या तारखा लवकर ठरवणे ही एक, आणि शुक्रवार संध्याकाळ व रविवार संध्याकाळ या गर्दीच्या वेळांच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे सरकणे ही दुसरी.

याचे कारण भाडे ठरवण्याच्या पद्धतीत आहे. विमान कंपन्या, बऱ्याच देशांतील रेल्वे आणि खासगी बस कंपन्या एकाच गाडीतील जागा वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विभागतात. सर्वांत स्वस्त गटातील जागा संपल्या की पुढच्या प्रवाशाला त्याहून महाग गटातील जागा मिळते. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठल्यानंतर ही पद्धत रुजली आणि पुढे ती जमिनीवरच्या वाहतुकीतही आली. भारतीय रेल्वेत बहुतेक गाड्यांचे भाडे ठरावीक असले, तरी राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना २०१६ पासून जागा भरत जातील तसे वाढणारे भाडे लागू झाले. संकेतस्थळावर ‘दोनच जागा शिल्लक’ असे लाल अक्षरांत दिसते, तेव्हा त्याचा अर्थ अनेकदा त्या भाड्याच्या दोन जागा उरल्या आहेत एवढाच असतो. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दोन दिवस विचार करत बसण्याचेही नाही. दोघांनी एकत्र प्रवास करायचा असेल तर आणखी एक गंमत लक्षात ठेवावी : स्वस्त गटात एकच जागा उरली असताना दोन तिकिटे एकदम शोधली, तर दोन्हींना वरच्या गटाचे भाडे दिसू शकते. अशा वेळी एकेक तिकीट शोधून पाहावे.

सत्राचे वेळापत्रक हाती येताच दोघांनी आपापल्या परीक्षा, सबमिशन, प्रात्यक्षिके आणि जोडसुट्या एकाच कॅलेंडरमध्ये मांडाव्यात. ज्या आठवड्यांत कोणीही प्रवास करू नये असे आठवडे आधी खोडावेत, आणि उरलेल्यांतून भेटीचे शनिवार निवडावेत. जोडसुटीचा मोह स्वाभाविक असला तरी त्या दिवशी सगळेच बाहेर पडतात, त्यामुळे भाडे चढलेले असते. शक्य असेल तर जोडसुटीच्या आधीचा किंवा नंतरचा साधा आठवडा घ्यावा. आरक्षण कधी उघडते हेही कॅलेंडरमध्ये लिहून ठेवावे. भारतीय रेल्वेत नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची आहे, तर ब्रिटनमध्ये स्वस्त ॲडव्हान्स तिकिटे साधारणपणे १२ आठवडे आधी विक्रीला येतात. सत्राच्या सुरुवातीलाच शक्य तेवढ्या भेटींची तिकिटे काढून टाकली, तर पुढचे काही आठवडे दर गुरुवारी ‘या वेळी जमेल का’ ही चर्चा उरत नाही, आणि माझ्या मते ही बचत पैशांइतकीच मोलाची आहे.

आता निघण्याच्या वेळेकडे वळू. शुक्रवारी संध्याकाळी नोकरदार, विद्यार्थी आणि सहलीला निघालेली कुटुंबे एकाच वेळी स्टेशनवर येतात. रविवारी संध्याकाळी तीच मंडळी परततात. शुक्रवारच्या रात्री उशिराची किंवा शनिवारी पहाटेची गाडी आणि परतीसाठी सोमवारी पहाटेची गाडी अनेकदा बरीच स्वस्त पडते. पण इथे केवळ तिकिटाकडे पाहू नये. समजा, सहा तासांचे अंतर आहे. शुक्रवारी रात्री ११ ची बस पहाटे ५ ला पोहोचते. शनिवारी सकाळी ६ ची गाडी दुपारी १२ ला पोहोचते. रात्रीच्या बसने सात तास मिळाले असे कागदावर दिसते, परंतु पहाटे ५ वाजता मेट्रो सुरू झालेली नसेल, तर टॅक्सीचे भाडे तिकिटातली बचत गिळून टाकते, आणि नीट झोप न झालेला माणूस दुपारपर्यंत सोफ्यावर पडून राहतो. म्हणून प्रत्येक पर्यायासमोर दोन आकडे लिहावेत : स्वतःच्या दारापासून जोडीदाराच्या दारापर्यंतचा एकूण खर्च, आणि दोघेही जागे व ताजेतवाने असताना मिळणारे तास. पहिल्याला दुसऱ्याने भागले की कोणता पर्याय खरोखर स्वस्त आहे ते उघड होते. रात्रीचा प्रवास दहा-अकरा तासांचा असेल आणि आडवे होता येत असेल, तर तो बहुतेक वेळा जिंकतो. चार-पाच तासांचा असेल तर बहुतेक वेळा हरतो.

हाच हिशेब विमानालाही लावावा. स्वस्त विमान कंपन्या पुष्कळदा लांबच्या विमानतळावरून उड्डाण करतात : पॅरिसच्या नावाने तिकीट विकले जाणारे बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे, तर फ्रँकफुर्ट-हान हे फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर. त्यात बसभाडे, सामानाचे वेगळे शुल्क आणि दीड-दोन तास आधी पोहोचण्याची अट मिळवली, की ‘एका तासाचे उड्डाण’ अर्धा दिवस घेते. सामानाचा खर्च मात्र सहज टाळता येतो. टूथब्रश, चार्जर, टॉवेल आणि घरात घालायच्या कपड्यांचा एक जोड समोरच्याच्या खोलीवर कायमचा ठेवावा. मग पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप आणि दोन शर्ट एवढेच राहतात. जाण्या-येण्याचे विमान तिकीट एकत्र काढले असेल, तर जातानाचे उड्डाण सोडून बसने जाण्याचा विचार कधीही करू नये. पहिल्या टप्प्याला प्रवासी आला नाही, की बहुतेक कंपन्या परतीचे तिकीटही रद्द करतात.

परतावा न मिळणारे तिकीट घ्यावे की महाग पण रद्द करता येणारे, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने पडतो, आणि त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. पूर्ण परतावा मिळणारे तिकीट १०० चे असेल आणि परतावा नसलेले ६० चे, तर दहा भेटींपैकी चार रद्द झाल्या तरी दोन्हींचा खर्च सारखाच येतो. म्हणजे चारपेक्षा कमी भेटी रद्द होत असतील, तर स्वस्त तिकीटच फायद्याचे. ज्यांच्या प्रयोगशाळेचे वेळापत्रक ऐनवेळी बदलते, त्यांनी मात्र स्वतःच्या मागील सत्राकडे प्रामाणिकपणे पाहून हा आकडा ठरवावा. ६० ऐवजी स्वस्त तिकीट ९० चे असेल, तर एवढ्याशा फरकासाठी हात बांधून घेण्यात अर्थ नाही.

सवलतीच्या कार्डांचेही असेच. कार्डाच्या किमतीला एका फेरीतील बचतीने भागावे. जेवढे उत्तर येईल तेवढ्या फेऱ्यांनंतर कार्ड कमाई करू लागते. ब्रिटनमधील १६-२५ रेलकार्ड भाड्यात एक तृतीयांश सूट देते, पण आठवड्याच्या दिवशी सकाळी किमान भाड्याची अट असते, म्हणून सोमवारी पहाटे परतणाऱ्याने ती तपासावी. जर्मनीत मे २०२३ पासून मिळणाऱ्या डॉइचलँडतिकिटावर महिनाभर देशभरातील प्रादेशिक गाड्या आणि शहरी वाहतूक वापरता येते. वेगवान आयसीई गाड्यांना ते चालत नाही, त्यामुळे वेळ जास्त आणि खर्च कमी असा हा सौदा आहे. विद्यार्थी सवलत या नावाखाली काय दडले आहे तेही वाचून घ्यावे. ती कधी केवळ मूळगावी जाण्यापुरती असते. जोडीदाराच्या शहराचा तिच्याशी काही संबंध नसतो.

कारपूलिंग हा पर्याय गर्दीच्या वेळी विशेष उपयोगी पडतो, कारण इंधन आणि टोलचा खर्च वाटून घेण्याच्या तत्त्वावर ठरलेली रक्कम रविवार संध्याकाळ आहे म्हणून तेवढी उसळत नाही. फ्रान्समध्ये २००६ साली सुरू झालेली ब्लाब्लाकार ही सेवा आता अनेक देशांत चालते. चालकाचे जुने अभिप्राय वाचावेत, उतरण्याची जागा मेट्रो किंवा बसथांब्याजवळ ठरवावी, गाडीचा क्रमांक आणि लाइव्ह लोकेशन जोडीदाराला पाठवावे, आणि शेवटच्या क्षणी चालकाने नकार दिल्यास कोणती बस धरायची हे आधी पाहून ठेवावे.

राहण्याचा प्रश्न मात्र प्रवासाचे सगळे गणित उलटवू शकतो. पाहुण्यांना मुक्कामाची परवानगी नसलेल्या वसतिगृहात कोणी राहत असेल, तर एका रात्रीची खोली दोन्ही बाजूंच्या तिकिटांहून महाग पडू शकते. काही वसतिगृहांत आगाऊ अर्ज केल्यास पाहुण्यांसाठी अल्प दरात खोली मिळते. कार्यालयात विचारल्याशिवाय हे कळत नाही, आणि विचारणारे फार थोडे असतात. अंतर तीन-साडेतीन तासांचे असेल, तर मुक्कामाशिवाय शनिवारचा एकच लांब दिवस ठेवावा. अंतर त्याहून जास्त असेल, तर दोघांच्या मधल्या एखाद्या लहान शहरात भेटण्याचा पर्याय तपासावा : दोघांचाही प्रवास अर्धा होतो आणि लहान शहरातली खोलीही स्वस्त असते. मात्र दोन तिकिटे, बाहेरचे सगळे जेवण आणि खोली धरून हिशेब करावा, कारण मधली भेट स्वस्त वाटते तितकी नेहमी असत नाही.

पैशांविषयी सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलून घ्यावे. ‘एकदा तू, एकदा मी’ हा नियम वरवर न्याय्य दिसतो. पण एकाचे वर्ग शनिवारीही भरत असतील, तर दुसराच सतत प्रवास करत राहतो, थकतो आणि खर्चही तोच सोसतो. त्यापेक्षा कोणीही प्रवास करो, तिकिटाचा खर्च दोघांच्या सामाईक खात्यात लिहावा आणि महिनाअखेर वाटून घ्यावा. एकाला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याला केवळ घरून येणारे पैसे असतील, तर वाटा निम्मा-निम्माच असला पाहिजे असेही नाही.

प्रवासाच्या दिवशी तिकिटाची प्रत मोबाइलमध्ये ऑफलाइन साठवावी आणि विद्यार्थी ओळखपत्र खिशात असल्याची खात्री करावी. सवलतीचे तिकीट ओळखपत्राविना दाखवले, तर दंड बचतीच्या कित्येक पट होतो. गाडीला उशीर झाल्यास भरपाई मागण्याचा आळस करू नये. युरोपीय संघाच्या नियमांनुसार रेल्वेला ६० ते ११९ मिनिटे उशीर झाल्यास सामान्यतः तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर झाल्यास ५० टक्के रक्कम परत मागता येते. इतर देशांत नियम वेगळे असतात, आणि अर्जाची मुदतही ठरलेली असते. म्हणून उशीर झालेल्या गाडीत बसल्याबसल्याच तिकीट, गाडी क्रमांक आणि फलकावरील वेळ यांचे फोटो काढून अर्ज भरून टाकणे सोयीचे पडते.