नव्या संगणकाला सामायिक प्रिंटर दिसत नसेल तर

सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात विंडोज ११ असलेला नवा संगणक बसवला, तेव्हा इंटरनेट सुरळीत चालू होते. परंतु शेजारच्या टेबलावरील संगणकाचा प्रिंटर आणि सामायिक फोल्डर मात्र त्याला दिसेनात. अशा वेळी ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकण्याची घाई करू नये.

प्रथम कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा देऊन दोन्ही संगणकांचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरील त्यांचे आकडी पत्ते, ताडून पाहावेत. घरगुती राउटरवर टिंबांनी वेगळे केलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीन सहसा सारखे असतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून तो मिळालेलाच नाही, म्हणून आधी केबल तपासावी.

आमचा दोष निघाला तो नेटवर्कच्या प्रकारात. नवी जोडणी विंडोज सहसा ‘पब्लिक’ धरते आणि मग फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी सुरक्षा-यंत्रणा) संगणकाला इतरांपासून लपवते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती ‘प्रायव्हेट’ करावी, मात्र चहाच्या दुकानातल्या वायफायवर हे कदापि करू नये.

यानंतर फाइल एक्सप्लोररच्या पत्तापट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे प्रिंटरवाल्या संगणकाचा आयपी पत्ता लिहून पाहावे. आकड्यांनी उघडते पण नावाने उघडत नाही, असे झाल्यास अडचण केवळ नाव शोधण्याची आहे. पासवर्ड विचारला गेल्यास त्या संगणकावरील खात्याचा पासवर्ड द्यावा. चार आकडी पिन तिथे चालत नाही, आणि आमचा अर्धा तास नेमका यातच गेला. फोल्डर दिसूनही उघडत नसेल, तर ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन्ही ठिकाणची परवानगी पाहावी, कारण त्यांतली अधिक कडक तीच लागू होते.

दुपारच्या जेवणानंतरच प्रिंटर नाहीसा होत असेल, तर प्रिंटरवाला संगणक झोपी जात आहे. त्याची स्लीपची मुदत बंद करावी.