गाण्यांसाठी पैसे मोजताय? मग आधी या चुका टाळा

गाण्यांसाठी पैसे द्यायची तयारी असलेली माणसं आता खूप आहेत, आणि मला वाईट याचंच वाटतं की त्यांचेच पैसे भलत्याच ठिकाणी जातात. गाणं हातात राहत नाही, आणि गाणाऱ्यालाही काही मिळत नाही.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलं म्हणजे गाणं विकत घेतलं असं समजणं. स्पॉटिफाय घ्या, जिओसावन घ्या नाहीतर यूट्यूब प्रीमियम, महिन्याचे पैसे भरून तुम्ही तो खालचा बाण दाबता तेव्हा फोनमध्ये येते ती कुलूपबंद फाइल, ती त्याच अ‍ॅपमध्ये वाजते, पेनड्राइव्हवर टाकून गाडीच्या स्टिरिओला लावायला गेलात तर काहीच वाजणार नाही. स्पॉटिफायवर तर ३० दिवसांत एकदा तरी नेट जोडावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी जातात. "फोन बिघडला का, गाणी गायब झाली" असं कुणी विचारलं की आधी सबस्क्रिप्शन चालू आहे का ते बघायला सांगा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं. आणि उद्या अख्खी सर्व्हिसच बंद झाली तर? २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिक हे आपलं गाण्यांचं अ‍ॅप बंद केलंच की. याउलट फ्लिपकार्टचं फ्लाइट हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान आठवतंय का बघा, २०१२ मध्ये सुरू झालं आणि २०१३ मध्ये बंदही पडलं, पण तिथे साधी एमपी थ्री फाइल मिळायची, त्यामुळे ज्यांनी ती कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली त्यांची गाणी दुकान गेल्यावरही वाजत राहिली. रोजच्या ऐकण्याला सबस्क्रिप्शन चांगलंच आहे, मीही वापरतो, फक्त ते भाडं आहे हे डोक्यात ठेवा. जे गाणं जन्मभर लागणार आहे ते विकत घ्या.

आता विकत कुठे घ्यायचं. आयफोनवाले इथे हमखास गोंधळतात, कारण अ‍ॅपल म्युझिक हे सबस्क्रिप्शन आणि आयट्यून्स स्टोअर हे दुकान, दोन्ही वेगवेगळं आहे. भारतात हे दुकान डिसेंबर २०१२ ला उघडलं, आणि त्यांच्या विकतच्या गाण्यांवरचं कुलूप तर २००९ मध्येच निघालंय, त्यामुळे तिथून घेतलेली फाइल दुसऱ्या प्लेअरवरही चालते. स्वतंत्रपणे गाणी काढणाऱ्या कलाकारांसाठी मला बँडकॅम्प ही परदेशी वेबसाइट सगळ्यात जास्त आवडते, डाउनलोड करताना एमपी थ्री पाहिजे की फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी, पण मोठी फाइल) ते आपण निवडायचं, आणि किमतीतला मोठा वाटा थेट कलाकाराकडे जातो.

बँडकॅम्पवर पेमेंट फेल झालं की लोक वैतागून सोडून देतात. थांबा जरा. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आपणहून चालू नसतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्ड सेटिंगला जाऊन इंटरनॅशनल आणि ऑनलाइन ही दोन्ही बटणं चालू करा, लिमिट छोटं ठेवा, काम झालं की परत बंद करा. अकाउंट न उघडता खरेदी केली असेल तर डाउनलोडची लिंक ईमेलला येते, स्पॅममध्ये बघा, आणि नंतर त्याच ईमेलने अकाउंट उघडलंत तर घेतलेली गाणी तिथे दिसतात. आयफोनवर उतरवलेली एमपी थ्री म्युझिक अ‍ॅपमध्ये दिसत नाही म्हणून परत पैसे भरू नका, ती फाइल्स अ‍ॅपमध्ये पडलेली असते, म्युझिकमध्ये घ्यायची तर कॉम्प्युटरवरून सिंक करावी लागते.

दुसरी मोठी चूक म्हणजे "पैसे दिलेत ना, मग ते कायदेशीरच." मोबाईलच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांत मेमरी कार्डात गाणी भरून देतात, टेलिग्रामवर कुणीतरी पाच हजार गाण्यांचा फोल्डर विकतो, यातला एक रुपयाही गायक, गीतकार, संगीतकाराकडे जात नाही. म्युझिक कंपन्या स्वतः पेनड्राइव्ह आणि कार्डं विकतात, ती घ्या की, त्यावर कंपनीचं नाव असतं, बिल मिळतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कुणाला सहजासहजी लिहून घेता येत नाही, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत यासाठी जोर लावला होता. पण तो वाटा निघतो अधिकृत विक्रीतून. चोरीच्या कार्डातून कसा निघणार?

यूट्यूबवरून एमपी थ्री काढून देणाऱ्या साइट तर टाळाच. यूट्यूबच्या अटींमध्ये ते बसत नाही हे झालंच, पण वर ३२० केबीपीएस असा आवाजाच्या दर्जाचा आकडा लिहिलेला असतो तोही फसवा, मुळात कमी दर्जाचा आवाज मोठ्या फाइलमध्ये भरला तर फाइल फुगते, आवाज सुधारत नाही. त्यात पानावर चार-चार डाउनलोडची बटणं, त्यातलं एखादं दाबलं की भलत्याच अ‍ॅपची एपीके फाइल फोनमध्ये.

मग कॉपी करायचीच नाही का? असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी, वैयक्तिक वापरासाठी रास्त वापराची सूट आहे, त्यामुळे घरची सीडी स्वतःच्या फोनवर घेणं, आजोबांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेट वायर जोडून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवणं, याला मी बिनधास्त हो म्हणेन. फक्त विंडोज मीडिया प्लेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये सीडी कॉपी करताना कॉपी प्रोटेक्टची खूण असेल तर ती काढा, नाहीतर कॉम्प्युटर फॉरमॅट केल्यावर तुमचीच गाणी तुम्हाला वाजवता येणार नाहीत. पण तीच फाइल सोसायटीच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकली की वैयक्तिक वापर संपला. आणि ही सूट धंद्याला नाही. टिप्स ही म्युझिक कंपनी विरुद्ध विंक या केसमध्ये ग्राहकांच्या वैयक्तिक वापराचा मुद्दा विंकने मांडला होता, मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये तो मानला नाही, आणि डाउनलोड करून ठेवू देणं ही विक्रीच आहे असं सांगितलं. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं.

व्हिडिओला दुसऱ्याचं गाणं ३० सेकंदांपर्यंत लावलं तर चालतं, किंवा खाली क्रेडिट दिलं की चालतं, असा कुठलाही नियम कायद्यात नाही.

आणि "जुनी गाणी आता सगळ्यांचीच" हा गैरसमज मराठी ग्रुपवर फार पसरलाय. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशित झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं, म्हणजे १९७० ची रेकॉर्ड २०३० संपेपर्यंत. शब्द आणि चाल यांचा हिशोब आणखी वेगळा, तो त्या माणसाच्या निधनानंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत. बाबूजी म्हणजे सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्याला कुणी नव्याने लावलेली चाल आणि केलेलं रेकॉर्डिंग त्यांचं असतं, तेव्हा दिंडीच्या व्हिडिओला अभंग लावायचाच असेल तर तिथे चालताना वारकरी जो म्हणत होते त्याचंच, त्यांना विचारून, रेकॉर्डिंग घ्या.