वासोट्याला निघताय? आधी रोकड काढा, मग बाकीचं

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, रात्री तिथंच मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीनं शिवसागर जलाशयापलीकडे जाऊन वासोटा किल्ला, एवढ्या बेतासाठी ही तयारी आहे. काळ दिवाळीनंतरचा, फेब्रुवारीपर्यंतचा. पावसाळ्यात वासोटा बंद असतो आणि मार्चपासून उन्हाची तलखी सुरू होते. कासच्या पठारावरची फुलं आणि वासोटा एकाच खेपेत उरकायचा हट्ट धरू नका. फुलांचा भर ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. वासोट्याची वाट उघडते तोवर पठार सुकायला लागलेलं असतं. दोन्ही हवं असेल तर दोनदा या.

बूट, टोपी, बॅटरी, औषधं यांवर मी शब्द घालवणार नाही. ज्याला हे सांगावं लागतं त्यानं आधी साताऱ्यातला अजिंक्यतारा किल्ला चढून-उतरून यावं. मला सांगायचंय ते रोकडीबद्दल. खिशात नोटा पाहिजेत, आणि त्याही सुट्ट्या.

गेल्या खेपेला आम्ही बामणोलीच्या धक्क्यावर उभे होतो. बोट लागलेली, कागद तयार, आणि सगळ्यांचे पैसे मोबाइलमध्ये. रेंज नव्हती. एकाच्या फोनवर मधूनच एक कांडी दिसायची, कोड स्कॅन केला की चक्र फिरत राहायचं आणि शेवटी व्यवहार झाला नाही असं यायचं. सगळ्यांची पाकिटं उलटी केली तरी बोटीच्या भाड्याचे निम्मेसुद्धा भरेनात. एटीएमसाठी माघारी जाऊन येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. एवढ्या उशिरा वासोट्यासाठी बोट सोडत नाहीत, आणि सोडूही नये. बरोबर सांगलीचे मामा होते. तो गड बघायचा म्हणून त्यांनी वर्षभर रोज सकाळी चालून दम कमावला होता. नंतर त्यांचा गुडघा गेला आणि वासोटा राहिला तो राहिलाच. म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

रोकड कुठे कुठे लागते ते बघा. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. चौघं गेलात तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येणार, हे आधीच धरून चाला. त्यावर वनखात्याची प्रवेश फी, वाटाड्या घेतलात तर त्याचे पैसे, प्लॅस्टिकची अनामत, रात्रीचं जेवण, मुक्कामाचे, गाडी लावायचे. दर हंगामागणिक बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी बामणोलीला फोन करून विचारा आणि सांगतील त्याच्या दीडपट काढा. काढायची ती साताऱ्यातच, पोवई नाक्याच्या आसपास. पुढे मिळेल असं म्हणू नका. यवतेश्वरचा घाट चढायला लागलात की तो विषय संपला.

आणि एटीएममधून पाचशेच्या नोटा येतात, त्या तशाच नेऊ नका. पेट्रोल भरताना एक मोडा, किराणा घेताना एक मोडा. शंभर, पन्नास, वीस अशा करून घ्या. सकाळी सहाला चहाच्या टपरीवर पाचशेचे सुट्टे कोण देणार? अर्ध्या नोटा एकाकडे, अर्ध्या दुसऱ्याकडे ठेवा, चेनच्या पिशवीत, कारण बोटीत पाणी उडतं. कुणी म्हणालं, ‘आहेत माझ्याकडे,’ तर मोजून दाखवायला सांगा. आमच्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याकडे असतील.

आता कागद. वासोटा कोयना अभयारण्यात येतो. 1985 साली अभयारण्य झालं, आणि 2010 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह हा सगळा टापू सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेला. त्यामुळे परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, गडावर मुक्काम करता येत नाही आणि जाळ तर मुळीच करायचा नाही. प्रत्येकाचं ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स घ्या. झेरॉक्स साताऱ्यातच काढा. फोनमधला फोटो दाखवून भागेल यावर विसंबू नका.

तपासणीत तुमच्या पिशव्या उघडतात. बिस्किटाचे पुडे, चिप्सची पाकिटं, बाटल्या, वेष्टनातली चॉकलेटंसुद्धा मोजून लिहून घेतात, त्यावर अनामत घेतात, आणि परतताना तेवढंच सगळं दाखवलं की अनामत परत मिळते. हा नियम फार चांगला आहे आणि त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी घरी बसावं. पण अनामतही रोखच. त्यापेक्षा मोजायला काही राहूच नये असा डबा भरा: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, उकडलेले बटाटे, गूळ-शेंगदाणे. भाकरी कापडात बांधा, बाकीचं स्टीलच्या डब्यात. दही किंवा रस्सा नको, चढणीवर सांडतो. पाणी माणशी तीन लिटर, धातूच्या बाटल्यांत. ‘वर टाकं आहे’ म्हणून कमी नेणारे दरवेळी भेटतात आणि मग दुसऱ्याच्या बाटलीकडे बघत बसतात.

पहिला दिवस कासचा. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास. समर्थ मंदिरावरून घाटाला लागायचं. सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या हे सगळं बोगद्यातून जाणाऱ्या दुसऱ्या रस्त्यावर आहे, ते याच दिवसात कोंबू नका. ठोसेघरचा धबधबा पाऊस असतानाच बघावा, तोही समोरच्या गॅलरीतून. जिथून पाणी कोसळतं त्या काठावर जायचा मोह आवरा.

फुलांसाठी सप्टेंबरात कासला जाणार असाल तर तयारी वेगळी. प्रवेशाचं बुकिंग आधी करायचं, कारण रोजच्या माणसांवर मर्यादा आहे. शनिवार-रविवार टाळा. रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांच्या रांगेत अर्धा दिवस जातो आणि पठारावर फुलांपेक्षा माणसं जास्त दिसतात. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या स्थळांत कास आलं, त्यानंतर गर्दी वाढत गेली. फुलांच्या मध्ये बसून फोटो काढणारे आपल्यातलेच असतात. त्यांना तिथल्या तिथे टोका, भीड बाळगू नका. पठार म्हणजे जांभ्याचा कातळ, त्यावर मातीचा थर बोटभर, काही ठिकाणी तेवढाही नाही. एका बुटाखाली जे चिरडतं त्याचं बी पुढच्या वर्षी कुठून येणार?

या पातळ मातीत नत्र फारसा नाही, म्हणून इथल्या काही वनस्पती किडे खातात. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं सगळे बघतात, पण तिच्या मातीतल्या भागाला बारीक पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात हे बहुतेकांना ठाऊक नसतं. दवबिंदू ही वनस्पती मात्र मुद्दाम शोधा. पायवाटेच्या कडेलाच गुडघ्यावर बसा, आत जायची गरज नाही. नखाएवढी पानं, त्यांवर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एखादं चिलट टेकलं की केस सावकाश आत वळतात. ते बघायला दहा मिनिटं एका जागी बसावं लागतं, आणि तेवढा धीर नसेल तर कासला जाऊन सेल्फीशिवाय हाती काही लागत नाही. गेंद, तेरडा, कवला, सोनकी आपोआप दिसतात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, ती तुमच्या वाट्याला आली तर नशीब. वेळ असेल तर पठारावरच्या राजमार्ग नावाच्या वाटेनं चालत कुमुदिनी तळ्यापर्यंत जा.

दिवाळीनंतर यातलं काही नसतं, पण पिवळ्या गवताचं पठार आणि वारा मला तेवढाच आवडतो. कासचं तळं थांबून बघा. त्यातलं पाणी सातारा शहर पितं, तेव्हा त्यात पाय धुऊ नका.

बामणोलीला उजेड असताना पोचा आणि पोचल्या पोचल्या तीन कामं करा. बोट पक्की करा, परवानगीचं काय ते विचारा, आणि रोकड पुन्हा मोजा. हो, पुन्हा. कमी पडतेय असं रात्री कळलं तर एखाद्याला मेढ्याला किंवा साताऱ्याला पाठवता येतं. सकाळी सहा वाजता कळलं तर काही करता येत नाही. रात्री थंडी चांगलीच पडते, स्वेटर आणि कानटोपी हवीच.

सकाळची पहिली बोट धरा. सव्वा ते दीड तास पाण्यावर जातो. लाइफ जॅकेट बांधून बसा, नुसतं मांडीवर घेऊन नाही. हा शिवसागर म्हणजे साठच्या दशकात झालेल्या कोयना धरणाचं पाणी. त्याखाली गावं गेली, शेतं गेली, आणि या बाजूनं वासोट्याला जाणारी जुनी पायवाटही गेली, म्हणून बोटीशिवाय इलाज नाही. आजही काठावरची म्हातारी माणसं पाण्याकडे हात करून आपलं गाव तिथं होतं म्हणून सांगतात. ऐकायला थोडा वेळ काढा. बोटवाल्याशी परतीची वेळ उतरायच्या आधी ठरवा आणि ती पाळा. उशीर झाला तर तो तुमच्यासाठी अंधारात थांबणार नाही, आणि त्या काठाला दुसरी सोय नाही.

पलीकडे मेट इंदवलीला वनखात्याची नोंद झाली की चाल सुरू. फी, अनामत, वाटाड्या, सगळ्याचे पैसे इथं द्यावे लागतात. सुट्ट्या नोटा का म्हणत होतो ते इथं कळेल. सुरुवातीची वाट सपाट, ओढ्यापाशी मारुती आणि गणपती. तिथे दोन मिनिटं टेका, मग खरी चढण आहे. झाडी इतकी दाट की दुपारीही अंधारल्यासारखं वाटतं. जांभूळ, हिरडा, अंजनी, वर गेल्यावर कारवी. गवे आणि अस्वलं या रानात आहेत. एकेकटे पुढे पळू नका, एकत्र चाला, नेहमीच्या आवाजात बोलत राहा म्हणजे अस्वल अचानक समोर येत नाही. स्पीकरवर गाणी लावणाऱ्याला धक्क्यावरच ठेवून या. एका जागी नागेश्वरच्या गुहेकडे जाणारी वाट फुटते. वासोटा आणि नागेश्वर एका दिवसात करायचं तर चाल फार चांगली लागते. बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर असतील तर नागेश्वर सोडा. शेवटचा टप्पा उघडा आणि खडा आहे, तिथे टोपी आणि पाण्याची किंमत कळते.

वर छप्पर नसलेला मारुती, टाकं, वाड्याची जोती, महादेवाचं देऊळ. 1660 मध्ये शिवाजी महाराजांनी हा गड घेतला आणि व्याघ्रगड नाव दिलं. कोकणाकडच्या टोकावरून समोर बाबूकडा दिसतो, सरळ तुटलेला, खाली कोकणातलं रान. कड्याच्या अगदी टोकाला जाऊ नका, दगड सुटे आहेत आणि वारा फिरतो. जेवा, कचरा डब्यात भरा, उतरा. वर तासाभरापेक्षा जास्त बसू नका.

उतरताना वाळल्या पानांच्या थरावर पाय घसरतो, काठी असेल तर बरं. गुडघे दुखतील. अनामत मागून घ्यायला विसरू नका. जळवा या दिवसांत नसतात. बामणोलीत चहा घ्या, आणि गाडी चालवणाऱ्यानं अर्धा तास आडवं व्हावं, कारण कासच्या रस्त्यावर रात्री धुकं उतरतं आणि गवे मध्येच उभे असतात. दिवे लहान ठेवा, हळू चला. घरी पोचल्यावर गोचिडी बघा: कानामागे, काखेत, मोज्याच्या काठाशी. बूट उन्हात वाळवा.