टॉपवॉटर लुअरचे गळ बदलायचेत? आधी वजन बघा, मग नंबर

उजनीच्या बॅकवॉटरला नाहीतर हिप्परग्याच्या तलावावर मरळीसाठी टॉपवॉटर लुअर, म्हणजे पाण्यावर तरंगत चालणारं नकली आमिष, टाकणारे आता बरेच झालेत, आणि बहुतेकांच्या डब्यात पॉपर, पेन्सिल, झारा स्पूक असले जे लुअर असतात ते मुळात अमेरिकेतल्या बास माशासाठी काढलेले. त्यातले छोटे, अडीच-तीन इंची, तिकडं स्मॉलमाउथ बाससाठी जास्त वापरतात. लुअर वर्षानुवर्षं टिकतो पण गळ आधी जातात. टोक बोथट होतं, गंज चढतो, नाहीतर मरळीनं एक हिसका दिला की बाकच उघडतो. मग माणूस वैतागून सापडेल तो जाडजूड ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचा गळ, आणतो, लावतो, आणि लुअर पाण्यावर चालायचाच बंद होतो, मागची बाजू बुडालेली, तोंड वर, डावीकडं-उजवीकडं जी डुलत जाणारी चाल असते ती गायब. म्हणून आधीच सांगतो, टॉपवॉटरला गळ निवडताना पहिलं वजन बघायचं, नंबर आणि जाडी नंतर.

कारण सोपंय. बुडणाऱ्या लुअरला अर्धा ग्रॅम इकडंतिकडं झाला तर फारसं कळत नाही, पण तरंगणारा लुअर पाण्यात किती बुडतो आणि कुठल्या कोनात बसतो यावरच त्याची सगळी चाल ठरते. पॉपर शेपूट थोडी खाली टाकून बसतो, म्हणून झटका दिला की त्याचं खोलगट तोंड पाणी पुढं फेकतं आणि तो पचक आवाज येतो. मागचा गळ खूप हलका लावला तर तो आडवा पडतो आणि आवाज बदलतो, खूप जड लावला तर एवढा उभा राहतो की पुढं सरकतच नाही. पेन्सिल आणि स्पूकचं पण तसंच. चार नंबरचा साधा ट्रेबल साधारण एक ग्रॅमच्या आसपास असतो, कंपनीनुसार कमीजास्त, तेव्हा पाव ग्रॅमचा फरक म्हणजे लहान लुअरला बराच मोठा फरक झाला.

घरी करायची टेस्ट अशी. बादली भरून घ्या, लुअर जुन्या गळासकट पाण्यात सोडा, हलायचा थांबला की पाणी त्याच्या अंगावर कुठपर्यंत येतंय ते बघा आणि बाहेर काढून पुसून तिथं मार्करनं बारीक रेघ मारा, पुढं एक आणि मागं एक. आता नवीन गळ लावून परत सोडा. पाणी दोन्ही रेघांना टेकलं तर गळ बरोबर आहे. मागची रेघ पाण्याखाली गेली तर मागचा गळ जड, पुढची गेली तर पोटाचा जड. स्प्लिट रिंग, म्हणजे गळ लुअरला अडकवायची कडी, बदलली असेल तर तिच्यासकट टेस्ट करा, कारण जाड रिंगचं पण वजन असतं आणि ते लोक विसरतात. ज्यांच्याकडं सराफासारखा 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा आहे त्यांनी जुना गळ मोजून त्याच वजनाचा नवीन शोधावा, पण जुना गळ गंजून टोक मोडलेला असेल तर काट्यापेक्षा बादलीच खरी.

आता नंबर. ट्रेबलमध्ये नंबर जसा वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे 2 पेक्षा 4 लहान, 4 पेक्षा 6 लहान, आणि 1 पेक्षा मोठे गळ 1/0, 2/0 असे वाढत जातात. पण एका कंपनीचा 4 आणि दुसऱ्या कंपनीचा 4 सारखा असेलच असं नाही, कुणाची दांडी लांब, कुणाचा बाक रुंद. त्यामुळं पॅकेटवरचा नंबर वाचून डोळे झाकून घेऊ नका, जुना गळ खिशात घेऊन जा आणि शेजारी धरून बघा. ऑनलाईन घेताना एका नंबरचं एकच लहान पॅकेट मागवा, पटलं तर मग पुढचं.

गळ किती रुंद हवा? लुअरच्या पोटाला लावला की टोकं अंगाच्या दोन्ही बाजूंना थोडी बाहेर दिसली पाहिजेत, नाहीतर मासा लुअर चावतो आणि गळ आतच राहतो. उलट फार मोठा घेतला तर दोन त्रास होतात. एक म्हणजे पुढचा आणि मागचा गळ एकमेकांत अडकतात. हे बघायला लुअर हातात आडवा धरा, पुढचा गळ मागं झुकवा, मागचा पुढं झुकवा, टोकं एकमेकांना पोचत असतील तर तो नंबर नको. दुसरा त्रास, गळ फिरून लुअरच्या पाठीवर चढतो आणि तिथंच अडकून बसतो. मागं फिरणारी शेपटी असलेले जे लुअर आहेत त्यात पोटाचा गळ शेपटीपर्यंत पोचता कामा नये, एवढं बघितलं की झालं.

जाडीकडं येऊ, कारण इथं आपली आणि अमेरिकेतल्या लोकांची गरज वेगळी आहे. स्मॉलमाउथचं तोंड नावाप्रमाणंच लहान, वरचा जबडा डोळ्याच्या खालीच संपतो, मोठ्या तोंडाच्या लार्जमाउथचा डोळ्याच्या मागं जातो. मासा तसा फार मोठा होत नाही, जागतिक विक्रमाचा स्मॉलमाउथ 1955 साली डेल हॉलो तलावात मिळाला तो 11 पाउंड 15 औंसाचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आतच. पण तो पाण्याबाहेर उड्या मारतो, हवेत डोकं झटकतो, आणि बऱ्याचदा लुअर गिळायच्या ऐवजी नुसता वरवर चाटून जातो. अशा माशाला बारीक तारेचा, अत्यंत तीक्ष्ण, लहान ट्रेबल लागतो जो नुसता टेकला तरी रुतेल. रॉड पण तिकडं मध्यम, लाईन बारीक, त्यामुळं बारीक तार चालते. जाड तार घेतली तर उलट रुतवायलाच जास्त जोर लागतो आणि तो जोर त्या रॉडमध्ये नसतो.

आपल्याकडं मरळ. जबडा हाडाचा, टणक, दात असतात, आणि लुअर धरला की सरळ जलपर्णीत नाहीतर पाण्याखालच्या वेड्या बाभळीच्या खोडात घुसते. तिला खेळवत बसायला जागाच नसते, ड्रॅग, म्हणजे रीलचा लाईन सोडायचा ब्रेक, घट्ट करून ओढूनच काढावी लागते. वर आपल्या रीलवर 30-40 पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, जी जवळपास ताणतच नाही. सगळा ताण गळावर येतो आणि स्मॉलमाउथसाठी दिलेला बारीक ट्रेबल सरळ होतो. यात लुअर कंपनीचा दोष नाही, तो गळ या कामासाठी दिलेलाच नाही.

मग जाड गळ पाहिजे, पण वजन वाढवायचं नाही, हे जमवायचं कसं? पॅकेटवर 1X, 2X, 3X असं लिहिलेलं असतं, त्यासोबत स्ट्राँग असेल तर तार तितके नंबर मोठ्या गळाच्या तारेएवढी जाड. शॉर्ट असेल तर दांडी आखूड, आणि हे दोन्ही वेगळे आहेत, घाईत गोंधळ होतो. माझ्या मते लहान लुअरसाठी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्याच नंबरचा आखूड दांडीचा 2X स्ट्राँग. दांडीत जे लोखंड वाचतं ते तारेत जातं आणि वजन जवळपास तेवढंच राहतं. तेही जड झालं तर पोटाचा जाड ठेवा आणि मागचा मूळ जाडीचाच राहू द्या, कारण मागचं वजन लुअरची बैठक जास्त बिघडवतं, टोकाला लटकलेलं असतं ना ते. 3X, 4X समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी ठीक आहेत, अडीच इंची पॉपरला लावू नका.

बाकाचे दोन प्रकार नेहमी दिसतात, गोल बाक आणि रुंद पोटाचा, ज्याची टोकं थोडी आत वळलेली असतात. गोल बाक पटकन रुततो, रुंदवाला एकदा रुतला की सुटायला अवघड. स्मॉलमाउथसारख्या चाटून जाणाऱ्या माशाला मी मागं गोल बाकच सांगेन, पोटाला कुठलाही चालतो.

गवत जास्त असेल तिथं मात्र ट्रेबल काढूनच टाका आणि इनलाईन सिंगल लावा. साधा एका टोकाचा गळ लावला तर तो रिंगमध्ये आडवा बसतो, इनलाईनचा डोळा, म्हणजे रिंग अडकवायचं भोक, फिरवलेला असतो म्हणून टोक लुअरच्या सरळ रेषेत राहतं. पोटाच्या गळाचं टोक लुअरच्या तोंडाकडं ठेवा, मागच्याचं वर, पाठीच्या बाजूला. सिंगल ट्रेबलपेक्षा हलका असतो त्यामुळं नंबर मोठा घ्यावा लागतो, चार नंबरच्या ट्रेबलच्या जागी 1 किंवा 1/0 पासून सुरू करा आणि परत बादलीत बघा. फायदा असा की टोक एकच त्यामुळं शेवाळ कमी धरतं, तार जाड घेता येते, आणि मासा सोडायचा असेल तर जखम कमी होते. चुकलेले फटके थोडे वाढतात हे खरंय, तरी हिप्परग्याच्या कडेच्या गवतात मी सिंगलच लावेन. पोकळ रबरी बेडकाचा डबल हुक हा वेगळा विषय, तिथं नवीन गळ बेडकाच्या पाठीला चिकटून बसला पाहिजे एवढंच बघा.

पॉपरच्या मागं पीस बांधलेला ट्रेबल असतो तो नुसता शोभेला नाही. लुअर थांबला की पीस पाण्यात उघडतं, हलत राहतं, आणि थांबलेल्या पॉपरवर मासा बहुतेक वेळा त्या पिसालाच धरतो. तो गळ गेला तर साधा लावून मोकळे होऊ नका, घरी बांधता येतो. कोंबड्याच्या मानेची दोन-तीन मऊ पिसं घ्या, गळाच्या दांडीवर बारीक पॉलिस्टर धागा आधी गुंडाळून बैठक तयार करा, मग पिसं गळाच्या लांबीच्या दीडपट ठेवून त्यावर घट्ट वेढे मारा, गाठ मारून वर सुपरग्लूचा एक थेंब. सुती धागा पाणी पितो आणि कुजतो म्हणून नको. टोकांवर पीस येऊ देऊ नका.

गळ खरंच बदलायला झालाय का हे कळायला टोक अंगठ्याच्या नखावर हलकं ओढा. लगेच धरलं, ओरखडा उठला तर चांगला, घसरत गेला तर बोथट. बारीक कानशीनं थोडी धार काढता येते पण आजचे चांगले ट्रेबल कंपनीतच रसायनानं धार केलेले असतात, ती धार घरी परत येत नाही. बाक एकदा उघडून परत दाबलेला गळ तर सरळ टाकून द्या, तार तिथं कमजोर झालेली असते. ब्रँड म्हणाल तर जपानचे ओनर आणि गामाकात्सू, नॉर्वेचा मुस्ताद, फ्रान्सचा व्हीएमसी, यातले कुठलेही घ्या, आपल्या गोड्या पाण्याला स्टेनलेसची गरज नाही.

बदलताना स्प्लिट रिंगची खास पक्कड वापरा, तिच्या टोकाला रिंग उघडायचं दात असतं. चाकूनं, नखानं करायला गेलं की गळ बोटात. रिंग उघडून वाकडी झाली असेल तर तीही नवीन लावा. चष्मा नसेल तर डोळ्यापासून लांब धरून काम करा आणि दुसऱ्या गळाच्या टोकांना थर्माकोलचा तुकडा टोचून ठेवा. मासे सोडणार असाल तर याच वेळी गळाच्या टोकामागचे उलटे काटे पकडीनं दाबून घ्या. पावसाळ्यात लाल पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर खाली मरळ राखण करत असते, तिथं लुअर टाकूच नका, तिला काढलं की पिल्लं दुसरे मासे खातात.

एक गोष्ट लाईनची, गळ अगदी बरोबर आहे आणि तरी लुअरचं नाक बुडतंय असं झालं तर पुढं फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे मुख्य लाईन आणि लुअरच्या मधला लाईनचा तुकडा, आहे का बघा. ती लाईन बुडते आणि नाक खाली ओढते. साधा नायलॉन लावा.

काढलेले गळ तलावाच्या काठावर टाकू नका, तिथं म्हशी येतात, शेळ्या-मेंढ्या चरतात, अनवाणी माणसं जाळी ओढतात. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घालून बूच लावून घरी आणा. फिरून आल्यावर लुअरचा डबा उघडा ठेवून सावलीत वाळवा, ओला बंद केला की नवीन गळ पण लगेच गंजतात. आणि जो गळ बादलीत बरोबर बसला त्याच्या पॅकेटवर लुअरचं नाव, पुढचा का मागचा, आणि रिंगचा नंबर मार्करनं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं तेच पॅकेट मागवायचं.