आतून आवाज येतो म्हणून लगेच डॅशबोर्ड खोलू नका

नवीन पोरं वर्कशॉपला लागली की त्यांना इंजिन-गिअरबॉक्स शिकायचं असतं आणि हातात येतं "आतून आवाज येतो" असलं जॉबकार्ड, म्हणजे कस्टमरची तक्रार लिहिलेला कागद. वैतागाचं काम आहे, खोटं कशाला बोलू. इंजिनला स्कॅनर बिघाडाचा कोड तरी देतो, खडखडीला कोड नसतो. असलं कार्ड दिसलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

टेस्ट ड्राइव्हला कस्टमरलाच चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा, नाहीतर तो म्हणतो एक आवाज आणि तुम्ही शोधत बसता भलताच. मग डिकी, ग्लोव्हबॉक्स, दारांचे कप्पे रिकामे करा, जॅक-पाना आणि स्टेपनीचा बोल्ट बघा, मागच्या सीटबेल्टचं बक्कल प्लास्टिकवर आपटतंय का बघा. हसू नका, पुष्कळ गाड्या इथेच सुटतात.

आता खरा सापळा, ह्यात मी पुरता अडकलोय. आवाज जिथे ऐकू येतो तिथेच तो होत असतो असं नाही. लिंक रॉडचा, म्हणजे सस्पेन्शनमधल्या बारक्या दांडीचा, जॉइंट ढिला झाला की टकटक होते खाली चाकापाशी, पण ती स्ट्रटमधून (चाकाला बॉडीशी जोडणारा शॉकअब्सॉर्बरचा खांब) पत्र्यात चढते आणि तुम्ही शपथेवर सांगाल की डॅशबोर्डच्या कोपऱ्यातच आहे. वरून समोरची काच आवाज परत फेकते, त्यामुळे डावं की उजवं तेही धड कळत नाही. आणि डॅशबोर्ड खोलला की क्लिपा तुटतात, म्हणजे जुना आवाज तसाच आणि वर नवीन फुकट. म्हणून आधी हे करा: खराब रस्त्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवा, आवाज थांबला तर ब्रेकचे पॅड आणि ते दाबणारा कॅलिपर बघा. गाडी उभी करून न्यूट्रलला रेस द्या, ठराविक आरपीएमलाच झणझण आली तर सायलेन्सरची हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा. स्पीडब्रेकरवर तिरकी चढवली की बॉडी पिळते, तेव्हाच करकर येत असेल तर दारांची रबरं. हे सगळं झाल्यावर दुसऱ्याला चालवायला लावून एकेक पॅनल तळहाताने दाबत जा, दाबल्यावर गप्प झालं तर आत शिरा, त्याआधी नाही.

खडखड म्हणजे काहीतरी सुटलंय, आपटतंय, ते टाइट करायचं. करकर म्हणजे दोन गोष्टी घासतायत, तिथे फेल्ट टेप, म्हणजे मऊ कापडी चिकटपट्टी. दाराच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, हाताला येईल तो स्प्रे मारू नका, पेट्रोलियमवाल्या तेलाने रबर फुगतं. फटीत फोम कोंबायचे व्हिडिओ बघून तर डोकंच फिरतं. पिलरच्या, म्हणजे काचांशेजारच्या खांबाच्या, ट्रिममागे कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी) असते, तिच्या वाटेत फोम घातलात तर उद्या कुणाच्या तरी जिवावर येईल. मॅन्युअलप्रमाणे बॅटरी काढून थांबल्याशिवाय तिथे हातच घालायचा नाही.

घाबरू नका, कान तयार होतो, खरंच होतो. फक्त लांबून ऐकून "डॅशबोर्ड खोल रे" म्हणणाऱ्या उस्तादाच्या नादी लागू नका, जो स्वतः मागच्या सीटवर बसून ऐकतो त्याला धरा.

आणि दुपारी एक चक्कर मारून कार्डावर "आवाज आढळला नाही" लिहू नका. उन्हात प्लास्टिक फुगून घट्ट बसतं, करकर गायब होते. गाडी रात्रभर ठेवून घ्या आणि सकाळी गार असतानाच बाहेर काढा.