ग्रँडमास्टरांचा डाव लाइव्ह कसा बघावा: आधी पट्टी झाका, मग घड्याळ बघा

बुद्धिबळाचा लाइव्ह डाव उघडला की नजर आपोआप पटाशेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर जाते. कोणाची बाजू वरचढ आहे, याचा इंजिनचा, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमचा, अंदाज ती दाखवते. पांढरा भाग वाढला की पांढरा जिंकतोय, काळा वाढला की काळा. असं बघत बसलात तर अर्ध्या तासात जांभया येतील, आणि त्यात डावाचा काही दोष नसेल. पाच तासांचा डाव रंगवून बघायचा तर थोडी तयारी लागते.

सुरुवात वेळेच्या नियमापासून करा. तो स्पर्धेगणिक बदलतो. २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकी १२० मिनिटं होती, त्यानंतर उरलेल्या डावासाठी ३० मिनिटं, आणि ४१ व्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर. इतर बऱ्याच स्पर्धांत ही भर पहिल्या चालीपासूनच मिळते. हा फरक छोटा वाटतो, पण ३८ व्या चालीला कोणाच्या कपाळावर घाम येणार ते त्यावरच ठरतं.

मग डाव निवडा, एकच. एका फेरीत चार-सहा डाव चालू असतात आणि सगळीकडे डोकावणाऱ्याला एकही नीट दिसत नाही. निवडताना गुणतक्ता बघा. शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणाने मागे असलेला, त्यात काळी मोहरी आलेला खेळाडू शांत बरोबरीच्या वाटेला सहसा जात नाही. तो सिसिलियनसारखी एखादी झुंजार सुरुवात ओढून आणतो. उलट ज्याला अर्धा गुण पुरतो, तो बर्लिन या भक्कम, शांत सुरुवातीत शिरला तर नवल नाही. बर्लिनच्या मुख्य प्रकारात आठव्या चालीलाच दोन्ही वजीर पटाबाहेर जातात.

चाली वाचायला पाच मिनिटांत जमतं. उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८. राजा के, वजीर क्यू, हत्ती आर, उंट बी. घोड्याला एन मिळालं, कारण के राजाने आधीच घेतलेला. प्याद्याला अक्षरच नाही, नुसतं घर लिहितात.

आता पट्टी बंद करा. बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये सोय असते. नसेल तर पडद्याच्या त्या कडेला कागद चिकटवा, मी तेच करतो. शेजारी खरा पट मांडा आणि प्रत्येक चाल हाताने खेळा. पडद्यावर न दिसणारा उंटाचा तिरका मारा मोहरा हलवताना बोटांना कळतो.

आणि घड्याळ बघा. माझ्या मते डावातली निम्मी गोष्ट तिथेच असते. पहिल्या बारा-पंधरा चाली दोघंही भराभर खेळतात, कारण ती घरून पाठ करून आणलेली तयारी असते. मग एकाच्या घड्याळातून अचानक २५ मिनिटं जातात. म्हणजे तयारी संपली किंवा समोरच्याने अनपेक्षित काही खेळलं. ती चाल टिपून ठेवा, खरा डाव तिथून सुरू होतो. साधा हिशेब करा: १२० मिनिटांत ४० चाली, म्हणजे चालीला सरासरी ३ मिनिटं. २० व्या चालीला कोणाकडे २० मिनिटं उरली असतील तर उरलेल्या वीस चाली त्याला मिनिटाला एक अशा खेळायच्या आहेत. त्याची स्थिती कितीही छान दिसो, माझी पैज दुसऱ्यावर.

अशा लांब विचाराच्या वेळी तुम्हीही चाल ठरवा आणि कागदावर लिहा. लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर चाल आल्यावर ‘मला हेच वाटलं होतं’ म्हणायला सगळेच मोकळे! सोबत कारण लिहा: कोणतं घर, कोणतं प्यादं, कोणता मोहरा अडगळीत पडलाय. दहात तीन जुळल्या तरी उत्तम.

इंजिन अगदीच बघायचं असेल तर आकडा नीट समजून घ्या. +१ म्हणजे ढोबळमानाने पांढऱ्याकडे एका प्याद्याइतकं वर्चस्व. ०.० म्हणजे दोघंही अचूक खेळले तर बरोबरी. पण अचूक खेळायचं माणसाला असतं. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी झालेला, त्याच जगज्जेतेपदाच्या लढतीतला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांचा चौदावा डाव आठवा. गुकेशकडे काळी मोहरी आणि एक प्यादं जास्त, तरी इंजिनच्या लेखी बरोबरीच. बघणारे टायब्रेकची, म्हणजे गुण समान राहिल्यावर होणाऱ्या जलद डावांची, भाषा करू लागलेले. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला. हत्तींची मारामारी झाली, आणि गुकेशने आपला उंट डी५ वर ठेवला. ए८ च्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या उंटाला पळायला जागा नव्हती, त्यामुळे उंटही गेले. उरले राजे, आणि डिंगच्या एका प्याद्यासमोर गुकेशची दोन प्यादी; डाव गुकेशने जिंकला. हत्तीची ती चूक पाहताक्षणी गुकेशलाही दिसली नव्हती, हे त्यानेच नंतर सांगितलं. म्हणून आकड्यासोबत इंजिनच्या पहिल्या दोन-तीन पसंतीच्या चाली उघडून बघा. पहिली ०.० आणि दुसरी थेट हरणारी असेल, तर ती बरोबरी म्हणजे तारेवरची कसरत आहे.

बरोबरीची घाई समजून घ्यायची तर स्पर्धेचा नियम पाहा. काही ठिकाणी, सिंगापूरच्या त्या लढतीतही, ४० व्या चालीआधी आपापसांत ठरवून बरोबरी करता येत नव्हती. तीच स्थिती तीनदा आली तर मात्र कधीही दावा करता येतो. किती वेळ बसायची तयारी ठेवायची? २०२१ मध्ये दुबईत जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा सहावा डाव १३६ चाली चालला, पावणेआठ तासांच्या आसपास.

एक गंमत माहीत असू द्या. थेट प्रक्षेपण काही ठिकाणी मुद्दाम काही मिनिटं उशिराने देतात, म्हणजे बाहेरून कोणी मदत करू नये. आणि डाव संपला की चालींच्या यादीत कधीकधी शेवटी एखादा राजा भलत्याच उडीने पटाच्या मधोमध आलेला दिसतो. ती चाल नसते. हरल्यावर-जिंकल्यावर खेळाडू दोन्ही राजे मधल्या चार घरांत ठेवतात, त्यावरून इलेक्ट्रॉनिक पट निकाल ओळखतो: दोघेही पांढऱ्या घरांत असले तर पांढरा जिंकला, काळ्या घरांत असले तर काळा, आणि एक पांढऱ्यावर, एक काळ्यावर असला तर बरोबरी.